टाळाची रेघ

६ जानेवारी १९९९, बुधवार

ही डायरी सुताच्या व्यापाऱ्याने दिवाळीला शेठला दिली आणि शेठने मला. पानावर तारखा गुजरातीत आणि खाली एकेक सुविचार. सुविचार मी खोडून टाकणार आहे, उगाच जागा खातात. केंद्रातली हर्षदा म्हणाली, इथे जो काम करेल त्याने रोज लिहून ठेवायचं, काय जमलं, काय नाही. रोज कुठून लिहू? सकाळी सात ते संध्याकाळी सात खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मशिनींच्या मधे उभं राहून आलं की पेनसुद्धा जड होतं. बुधवारी पॉवर बंद असते म्हणून खातं बंद. तेव्हा बुधवारचा बुधवारी लिहीन.

केंद्र म्हणजे इथे सुरतला गोडादऱ्याच्या रस्त्यावरची बंद पडलेली बालवाडी. एका ट्रस्टने तिथे दोन कॉम्प्युटर, माइक, हेडफोन आणून ठेवलेत. वस्तीतल्या लोकांनी यावं आणि आपलं गाणं, नाटक, फोटो, जे काय असेल ते तिथे बसून करावं. भिंतीवर बालवाडीचा हत्ती अजून तसाच आहे, कॉम्प्युटर बरोबर त्याच्या सोंडेखाली. हर्षदा आपल्याच खानदेशातल्या माणसाची मुलगी, पण जन्म इथला. मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी शिरते ते तिलाही कळत नाही.

आमचं काम वहीचं. गावी विठ्ठलआबांनी सगळी पदं हाताने एका वहीत लिहिली, ती पुढे ठेवून डफ आणि टाळावर गायची, म्हणून वहीमंडळ. आबा आता अंथरुणाला खिळलेत, आवाज गेलाय. सुरतला येताना वही त्यांनी माझ्या हातात दिली आणि चारचौघांत म्हणाले, निंबाच्या कानातून काही सुटत नाही. वही आता शिवणीत सुटायला आली. आखाजीला, अक्षयतृतीयेला, गावी जाईन तेव्हा सगळी पदं कॅसेटवर घेऊन त्यांच्या उशाशी ठेवायची, असा शब्द दिलाय. आबा आखाजीपर्यंत टिकले पाहिजेत आणि आम्हीही.

१३ जानेवारी

पहिलं पद भरलं. मी गायलो, चिंधाने डफ धरला, मगनने टाळ. चिंधा माझ्याच खात्यात आहे, मगन कडोदऱ्याहून बस धरून येतो. सगळ्यांची उद्या उत्तरायणाची सुट्टी, म्हणून जरा हुरूप होता.

ऐकलं तर डफ छान, माझा आवाज ठीक, टाळ गायब. मी हर्षदाला म्हटलं, टाळ कुठे आहे? ती म्हणाली, "आवे छे ने काका." मी म्हटलं, येतोय कुठे? मला शिकवू नको, तीस वर्षं टाळ ऐकतोय. मग तिने हळूच सांगितलं की काका, जरा धीमे बोला, मी इथेच बसलीये. मी कुठे ओरडलो होतो?

मगनला सांगितलं, जोर लाव. त्याने पुन्हा वाजवला. पुन्हा तेच. माइक हलका असणार. ट्रस्टवाले लोक असंच काहीतरी स्वस्तातलं घेतात.

२० जानेवारी

काही झालं नाही. लाइट नव्हती. येताना लिंबायतच्या नाक्यावर रिक्षा अंगावरच आली. रिक्षावाला तोंड वाकडं करून शिव्या देत होता, त्या मला चांगल्या कळल्या. हॉर्न मारायचा सोडून शिव्या देतात. सुरतमध्ये हल्ली कोणी हॉर्नच वाजवत नाही.

३ फेब्रुवारी

हर्षदाने आज प्रत्येकाला वेगळं भरलं. पडद्यावर प्रत्येकाची वेगळी पट्टी दिसते. माझा आवाज सुताच्या गुंत्यासारखा, चिंधाचा डफ म्हणजे जाड जाड ठिपके. मगनच्या पट्टीत फणीच्या दातांसारख्या उभ्या रेघा, एकसारख्या, सुंदर. ती म्हणाली, हा टाळ. मी बघत राहिलो. रेघ पुढे सरकत होती, दात एकेक करून जात होते आणि आवाज मात्र नव्हता. अगदीच नव्हता असं नाही, कोणी दूर भांडं ठेवावं तसं काहीतरी.

म्हणजे कॉम्प्युटर रेघ काढतो पण आवाज देत नाही. मशीन नवं असलं म्हणून काय, मशीनच. आमच्या खात्यातही घड्याळ लावलंय, ते विणलेले वार बिनचूक मोजतं आणि कापड वेडंवाकडं येतं.

पडद्यावर एक बटण आहे, ते वर सरकवलं की आवाज वाढतो. मगनची पट्टी मी शेवटपर्यंत वर नेली. तेव्हा कुठे टाळ जागेवर आला. हर्षदाने खुर्ची मागे घेतली. मगनने तळहात दाखवले, लाल झाले होते. म्हणाला, "निंबाभाऊ, आजून कितला जोरमा वाजाडू? हात फुटी जाई."

१० फेब्रुवारी

केंद्रात आज दुसऱ्या लोकांची पाळी होती. घरीच होतो.

सरलाबद्दल लिहावं की नाही, विचार करत होतो. ही डायरी हर्षदा मागेल बघायला. मागू दे, देणार नाही. सरला हल्ली बोलत नाही. भांडण नाही, रुसवा नाही. पूर्वी हिच्या तोंडाला कुलूप लावायची पाळी यायची. आखाजीच्या झोक्यावर हिचा आवाज सगळ्या गल्लीत वर असायचा, त्या आवाजावरच मी लग्नाला हो म्हटलं होतं, चेहरा नंतर पाहिला. आता दिवसभर दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवते, मग ओट्याशी उभी राहते, पाठ माझ्याकडे. दोन माणसांच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय आवाज नाही. घड्याळही बंद पडलंय वाटतं, टिकटिक येत नाही. काटे मात्र फिरतात.

मधेच ती वळते आणि मोठ्याने काहीतरी म्हणते, चिडल्यासारखी. एवढं गप्प राहायचं आणि बोलायचं तर असं. माझं काय चुकलं ते तरी सांगावं.

खात्यात बरं असतं. तिथे शंभर मशिनी खडखडत असतात, कोणी आवाजाने बोलतच नाही. ओठ बघायचे. चौथ्या रांगेतला माणूस घरून काय भाजी आणली सांगत असेल तर ती मी इथून ओळखतो. नव्या पोरांना ते जमत नाही. आमच्या खात्यातला गोपाल मास्तर तर आता ओठांशिवाय काही समजतच नाही, पार बहिरा झालाय. रविवारी रात्री त्याची सून त्याच्या कानाशी ओरडत होती आणि तो मान डोलावत होता, सगळं भलतंच समजून. आम्ही हसलो. मीही हसलो.

२४ फेब्रुवारी

वाईट दिवस.

चार पदं तयार झाली म्हणून हर्षदाने कच्ची कॅसेट करून दिली. चिंधाकडे टेप आहे, तिथे बसलो. पहिलं पद सुरू झालं आणि चिंधाच्या बायकोने आतून येऊन कानावर हात ठेवले. मगन खाली बघत होता. चिंधा म्हणाला, "टाळ नही, भांडा पडी ऱ्हायनात." मी म्हटलं, तुझ्या टेपचं हेड घासलंय. तो म्हणाला, याच टेपवर काल बाकीच्या कॅसेटी वाजल्या. मी म्हटलं, मग तुमचे कान घासलेत.

हे बोलायला नको होतं. मगन उठला, टाळ पिशवीत घातला, दोरी दोनदा गुंडाळली. दारात काहीतरी म्हणाला, पाठमोरा होता, कळलं नाही. मी चिंधाला विचारलं, काय म्हणाला? चिंधा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, काही नाही.

आबांनी वही मला दिली, मगनला नाही. मंडळात चूक काढणारा एक माणूस लागतोच आणि त्याचा सगळ्यांना राग येतोच. पण आता टाळाशिवाय उरलेली पदं कशी भरायची? आणि आबांना काय सांगायचं? फार थकलोय. हे लिहायलाही नको वाटतंय.

३ मार्च

धुळेटीचा रंग अजून नखात आहे. एकटाच केंद्रात गेलो. हर्षदा म्हणाली, काका, एक खेळ खेळू. मला हेडफोन लावले आणि शिटीसारखा आवाज सोडला, आधी खालचा, मग वर वर जाणारा. म्हणाली, बंद झाला की हात वर करा. मी हात वर केला. तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर रेघ अजून थरथरत होती. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. डावा कान, उजवा कान. मी म्हटलं, हेडफोनची तार ढिली झालीये, वरचा आवाज आला की तुटते. तिने हेडफोन स्वतःला लावून पाहिले आणि लगेच काढले. म्हणाली, "हां काका, तार."

तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. परीक्षा जवळ आलीये तिची. मुलींवर फार ताण असतो.

१७ मार्च

हर्षदाने केंद्रातला छोटा टेपरेकॉर्डर घरी न्यायला दिला. म्हणाली, उरलेली पदं घरी शांतपणे म्हणून बघा, मी कॉम्प्युटरवर घेईन, टाळ नंतर चढवता येईल. मगन येणार नाही हे तिला अजून सांगितलेलं नाही.

सरला ओट्याशी होती. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलो, वही पुढे, मशीन मांडीजवळ. बटण दाबलं ते दाबलं, मधे थांबवायचं कसं ते विसरलो, म्हणून पूर्ण बाजू फिरू दिली. तीन पदं म्हणून झाली. कान्हाच्या पदात वरच्या पट्टीत जरा चाचपडलो असं वाटलं, पण सावरलं. मधे मधे पान उलटायला, पाणी प्यायला थांबलो.

तेवढ्या वेळात सरला एक शब्द बोलली नाही. नवरा अर्धा तास गातोय, बरं म्हणू नये की वाईट म्हणू नये. एकदा तर मी पाणी पिता पिता वाट पाहिली. ती भाकरी थापत होती. मग चहाचा कप माझ्या बाजूला ठेवून गेली, न विचारता. मला चहा नको होता.

३१ मार्च

काय लिहू. क्रमाने लिहितो म्हणजे नीट लिहिलं जाईल.

टेप केंद्रात नेला. हर्षदाने तो कॉम्प्युटरला जोडला. माझ्या गाण्याचा गुंता पडद्यावर आला. दोन पदांच्या मधे, जिथे मी थांबलो होतो, तिथे रेघ सपाट असायला हवी होती. तिथे बारीक बारीक उंचवटे होते. गाण्याच्या खालीही होते, नीट पाहिलं तर. मी म्हटलं, ही खरखर आहे, काढून टाक, मला आता कळायला लागलंय हे सगळं. तिने कॉम्प्युटरचा उंदीर हातात धरला, पण दाबला नाही.

म्हणाली, "काका, खरखर नथी. काकी आहेत."

मी म्हटलं, सरला बोललीच नाही त्या दिवशी.

तिने मला हेडफोन लावले, आवाज शेवटपर्यंत वर नेला. उंचवटे पुढे सरकत होते. खोल कुठेतरी पाण्याखाली कोणी बोलावं तसं काहीतरी हललं आणि गेलं. शब्द एकही नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती म्हणाली, मी लिहून देते. केंद्राच्या वहीचं पान फाडून, थांबवत, मागे नेत, तिने सगळं लिहिलं. अहिराणी तिला बोलता येत नाही, पण घरी ऐकते, चांगलं लिहिलंय. कागद इथे चिकटवणार होतो, पण गोंद नाही. उतरवून घेतो.

पहिल्या पदानंतर: चहा ठेवस. पेतस का?

मग: चहा पेतस का, म्हनस.

मग: ठेवस मंग.

दुसऱ्या पदानंतर, आमच्या मुलीबद्दल: जयश्रीना निरोप येल शे. आखाजीले गावले येस म्हने.

मग काही वेळ काही नाही. मग: आबा कॅसेट आयकीसन रडतीन.

तिसऱ्या पदात शब्द नाहीत. तिथे ती गाते आहे. हर्षदाने मला पडद्यावर दाखवलं. कान्हाच्या पदात, वरच्या पट्टीत, माझी रेघ जिथे घसरली तिथे तिची बारीक रेघ वर धरून उभी आहे, दोन ओळी. तिसऱ्या ओळीला माझी तिच्याजवळ आली आहे. हर्षदा म्हणाली, तुम्ही उतरला होता काका, काकी तुम्हाला वर घेऊन आल्या. मला वाटलं होतं मी सावरलो. कसं सावरलो देव जाणे. बहुतेक थोडंफार कुठेतरी पोचलं असेल, किंवा जुनी सवय.

आणि टेप संपायच्या आधी शेवटचं: तुम्हले आयकाले येत नही, माले म्हाईत शे. पन मी बोलस.

हर्षदाने हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मी तिला विचारलं, तार ढिली नव्हती ना? तिने मान हलवली.

मला ऐकू येत नाही. लिहून पाहिलं. मगनचे हात मी फोडले, चिंधाच्या घरात बोललो, गोपाल मास्तरला हसलो. सरलाला किती दिवस मुकी समजत होतो ते मोजवत नाही. लाज वाटते. आबांना काय तोंड दाखवू?

१ एप्रिल

आज गुरुवार, खात्यातून आलोय, तरी लिहितो.

घरात शिरलो तेव्हा ती ओट्याशी होती, पाठ माझ्याकडे. पूर्वी मी चपला काढून कोपऱ्यात बसलो असतो. आज गॅसच्या शेगडीजवळ गेलो, ती विझवली, जाळीवरची भाजी खाली ठेवली आणि शेगडी उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या बाजूला फिरवायला लागलो. तिथून स्वयंपाक केला तर तोंड खोलीकडे होतं. नळी ताणली गेली. सरला काहीतरी म्हणाली. मी वळलो, तिच्या तोंडाकडे पाहिलं, उजेड तिच्यावर होता.

"नळी पुरत नही," ती म्हणत होती.

मी म्हटलं, उद्या लांब नळी आणतो. ती बघत राहिली, कारण मी बरोबर उत्तर दिलं होतं. मग तिने परीक्षा घेतल्यासारखं, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "भाजी कसानी शे?" मी म्हटलं, वांग्याची, ती समोर दिसतेच आहे. ती हसली. नंतर रडली, तेही दिसलं. मी तिला हर्षदाचा कागद दाखवला. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला, तिचंच बोलणं तिला. किती मोठ्याने वाचत होतो कोण जाणे, शेजारच्या कुसुमवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, दोन वर्षं. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, सांगितलं. रोजच सांगत होते.

७ एप्रिल

सकाळी बस धरून कडोदऱ्याला गेलो. मगनच्या घरासमोर उभा राहिलो आणि जे आहे ते सांगितलं. त्याने विचारलं, मी त्या दिवशी दारातून काय म्हटलं ते तुला कळलं नव्हतं? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मी म्हटलं होतं की भाऊ, एकदा कान दाखव. पिशवी खुंटीलाच होती, ती घेऊन तो माझ्याबरोबर निघाला.

केंद्रात सरलाही आली. बायका कधी वहीला बसल्या नाहीत, चिंधा जरा चुळबुळला. मी म्हटलं, ती गाणार नाही, ऐकणार आहे. हर्षदाने तिला हेडफोन लावले. पदर, अंबाडा, त्यावर ती काळी पट्टी. एरवी मला हसू आलं असतं. मगनने हलक्या हाताने वाजवलं, जसं गावी वाजवायचा तसं. मी गायलो, डोळे सरलाच्या बोटावर. वर गेलो की बोट खाली, उतरलो की बोट वर. चार पदांतली मगनची पट्टी तिनेच हर्षदाला सांगून खाली, खाली, अजून खाली आणली. जिथे ती थांबली तिथे मला टाळाचा मागमूस नव्हता. फक्त फणीचे दात जाताना दिसत होते.

कान्हाचं पद हर्षदा पुन्हा भरू म्हणाली. मी नको म्हटलं. घरचंच ठेव, त्या दोन ओळींखाली ती बारीक रेघ आहे तशी. आबांच्या कानातूनही काही सुटत नाही, त्यांना ओळखू येईल.

कॅसेट झाली. पुढच्या आठवड्यात गाडी. सगळं आवरल्यावर मगनने टाळ पुसला, दोरी गुंडाळली आणि नेहमीच्या सवयीने मला विचारलं, "निंबाभाऊ, टाळ कसा व्हयना?"

तीस वर्षं हा प्रश्न मला विचारतात. चिंधा बघत होता, हर्षदाही.

मी म्हटलं, "माले नको इचारू. तिले इचार."

सरलाच्या कानावर हेडफोन अजून तसेच होते. मगन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि विचारलं. ती काय म्हणाली ते मी बाजूने पाहिलं.

"बरा शे," ती म्हणाली. "आते बरा शे."